आक्रमकता आणि मेंदू-उत्तेजन: पीएचडी कशी करावी?

प्रश्न: एमएस्सी न्यूरोसायन्स झालंय. उंदरांवर काम करू की माणसांवर?

उत्तर १: आधी तंत्र ठरवा. ऑप्टोजेनेटिक्स (जनुकीय बदल करून ठराविक मेंदूपेशी प्रकाशाने चेतवणं) असेल तर उंदीरच. 2011 साली हायपोथॅलॅमसचा (मेंदूच्या तळाशी असलेल्या भागाचा) एक छोटा भाग प्रकाशाने चेतवल्यावर नर उंदीर फुगवलेल्या हातमोज्यावरही तुटून पडले! मेंदूत प्रकाश नेणारा फायबर जरा सरकला की शेजारच्या पेशी चेततात आणि निकाल फसवा येतो.

उत्तर २: माणसांवर टीडीसीएस (डोक्यावरच्या इलेक्ट्रोडमधून मेंदूला सौम्य वीजप्रवाह देणं). साधारण 2 मिलिअँपिअर, 20 मिनिटं, कपाळामागच्या भागावर. इलेक्ट्रोडचा मिठाच्या पाण्यात (सलाइन) भिजवलेला स्पंज सुकला तर रोध वाढून त्वचा चुरचुरते; फार भिजला तर सलाइन ओघळून प्रवाह भलतीकडे पसरतो. तुलनेसाठीच्या खोट्या उत्तेजनातही सुरुवातीला सुमारे 30 सेकंद प्रवाह द्यावा, नाहीतर सहभागी ओळखतात. नुसत्या प्रश्नावलीवर विसंबू नका, वर्तनही मोजा.

उत्तर ३: भारतात मानेसरचं एनबीआरसी (राष्ट्रीय मेंदू संशोधन केंद्र), बंगळुरूचं निम्हान्स (मानसिक आरोग्य व मेंदूविज्ञान संस्था) पाहा. जेआरएफ (संशोधनासाठीची कनिष्ठ शिष्यवृत्ती) असेल तर सोपं जातं.