नोकरी सोडणारा मेल पुसून जातो, सर्व्हरवर ते कसं थांबवायचं?

झुवारीकाठ (वास्को):
मुरगाव बंदरावरच्या एका शिपिंग एजंटच्या ऑफिसात सर्व्हर मी बघतो. पोस्टफिक्स (मेलची ने-आण करणारा प्रोग्राम) आणि डोव्हकॉट (मेल खात्यात ठेवून लोकांना दाखवणारा). जहाज तयार असल्याची नोटीस किती वाजता दिली, पावसामुळे माल चढवणं कधी थांबलं, बार्ज कधी लागली, हे सगळं मेलवरच असतं. डेमरेजचा (जहाज ठरल्यापेक्षा जास्त वेळ अडकलं त्याच्या भरपाईचा) वाद निघाला की तेच काढून दाखवावं लागतं. पावसाळ्यानंतर एक मुलगा नोकरी सोडून गेला, जाताना इनबॉक्स आणि सेंट दोन्ही रिकामे करून. मनात वाईट काही नव्हतं, खातं स्वच्छ करून द्यावं एवढंच त्याला वाटलं. पण एका जहाजाचा पत्रव्यवहार आता फक्त समोरच्या पार्टीकडे आहे. बॅकअप आम्ही आठवड्याचाच ठेवतो. डोव्हकॉटच्या एसीएलमधून (कुणाला काय करता येईल त्या अधिकारांच्या यादीतून) डिलीटचा अधिकारच काढून घेऊ का?

फोंड्याचो:
होतं ते. खातेदाराच्या अधिकारांतून टी, ई आणि एक्स ही तीन अक्षरं वगळ. टी म्हणजे डिलीटची खूण करणं, ई म्हणजे कायमचं पुसणं, एक्स म्हणजे फोल्डरच उडवणं. पॉप३ (मेल स्वतःच्या मशीनवर उतरवून घ्यायची जुनी पद्धत) चालू असेल तर बंद कर, नाहीतर कुणाचं आउटलुक मेल उतरवून घेऊन सर्व्हरवरून काढून टाकेल.

मांडवीपार (पणजी):
दादा, एसीएलच्या वाटेला जाऊ नका. मी एका सीए फर्मचे मेल सांभाळते, तिथे हे करून पाहिलेलं आहे. मेल लिहिताना प्रोग्राम मसुदा सारखा सेव्ह करतो आणि आधीचा पुसतो. पुसताच येईना, तेव्हा एका पत्राचे ढीगभर मसुदे साचले. मेल दुसऱ्या फोल्डरमध्ये हलवला तरी मूळ प्रत इनबॉक्समध्येच राहते, कारण हलवणं म्हणजे कॉपी करून जुनं पुसणंच. लोक वैतागतात आणि कामाचे मेल स्वतःच्या जीमेलवरून पाठवू लागतात. मग तुमच्या हातात काहीच उरत नाही.

प्रत खात्यात पोचायच्या आधीच घ्यायची. पोस्टफिक्समध्ये ऑल्वेज-बीसीसी (प्रत्येक मेलची छुपी प्रत एका पत्त्यावर पाठवणारी सेटिंग) लावा: येणारा, जाणारा आणि ऑफिसातल्या ऑफिसात फिरणारा प्रत्येक मेल संग्रहाच्या खात्यात जातो. लोकांना आपापल्या खात्यात हवं ते पुसू दे. दोन गोष्टी मात्र सांभाळा. ते खातं भरलं तर प्रत तिथे पोचत नाही, आणि आताच्या पोस्टफिक्समध्ये त्याची सूचना मूळ पाठवणाऱ्यालाही सहसा जात नाही, म्हणजे संग्रहात खंड पडला तरी कुणाला कळत नाही. त्यामुळे जागेवर लक्ष हवं. आणि अमाविससारखा फिल्टर (व्हायरस आणि स्पॅम तपासणारा) असेल तर मेल पोस्टफिक्समधून दोनदा जातो आणि प्रत्येक मेलच्या दोन प्रती पडतात. त्यातल्या एका टप्प्यावर नो-अ‍ॅड्रेस-मॅपिंग्ज ही सेटिंग द्यायची, म्हणजे तिथे प्रत निघत नाही.

संग्रह वेगळ्या मशीनवर ठेवा आणि त्याचा पासवर्ड एकट्या तुमच्याकडे नको. सगळं पुसू शकणारा माणूस शेवटी रूटच (सर्व्हरचे सगळे अधिकार असलेला, म्हणजे तुम्हीच) असतो. उद्या हेच मेल कोर्टात गेले, तर भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ खाली प्रमाणपत्र लागतं. १ जुलै २०२४ पासून हेच लागू आहे, आधी जुन्या पुरावा कायद्यात ते ६५-ब होतं. त्याच्या नमुन्यात हॅश (फाइलवरून काढलेला आकडा, फाइल बदलली की तोही बदलतो) लिहायचा असतो. म्हणून महिन्याचा संग्रह बंद केला की त्याच दिवशी हॅश काढून ठेवा.

झुवारीकाठ:
ताई, मसुद्यांचं माझ्या ध्यानातच आलं नव्हतं. अमाविस आहे आमच्याकडे. पण पाठवणाऱ्याने बीसीसीत (छुप्या प्रतीत) कुणाला ठेवलं होतं ते संग्रहात दिसतं का?

मांडवीपार:
ऑल्वेज-बीसीसीने नाही दिसत. ते हवं असेल तर त्याऐवजी रेसिपियंट-बीसीसी-मॅप्समध्ये (प्रत्येक प्राप्तकर्त्यासाठी वेगळी प्रत काढणाऱ्या सेटिंगमध्ये) नियम लिहा, म्हणजे प्रत संग्रहाच्या पत्त्याला प्राप्तकर्त्याचं नाव जोडून जाईल. एकाच पत्राच्या प्रती वाढतील, पण कुणाला काय पोचलं ते स्पष्ट राहील. तुमच्या धंद्यात मला हेच योग्य वाटतं.

आणि चालू करण्याआधी ऑफिसातल्या सगळ्यांना लेखी कळवा. आमच्याकडे एका बाईंनी आजारपणाचे रिपोर्ट ऑफिसच्या मेलवर मागवले होते. संग्रह आहे हे कळल्यावर त्यांनी डॉक्टरांना दुसरा पत्ता दिला. असं आधी कळून स्वतः ठरवायचा हक्क प्रत्येकाला मिळायला हवा.