बारावी झाली, पायलट व्हायचंय – इंदूरलाच शिकू, इग्रुआ की थेट अमेरिका?

रामबाग_रनवे
नमस्कार मंडळी, मी इंदूरचा, यंदा बारावी पीसीएम झालं आणि सीपीएल (कमर्शियल पायलट लायसन्स) करायचं नक्की आहे. बाबा म्हणतात इथे एरपोर्टवरच फ्लाइंग क्लब आहे, घरचं खा आणि शिक, मामा म्हणतो अमेरिकेत उड्डाणाचे अवर्स भराभर होतात, आणि मला यूपीतल्या फुरसतगंजच्या इग्रुआची (इंदिरा गांधी राष्ट्रीय उडान अकादमी) एन्ट्रन्स द्यायचीय. आई काही बोलत नाही, एफडीचे कागद काढून बसलीय फक्त. त्यात एक एजंट रोज फोन करतोय की बुकिंग अमाउंट भरा नाहीतर सीट जाईल. काय करू?

सीपीएल_दादा
एजंटचा नंबर ब्लॉक कर आधी. आणि कुठेही रुपया भरायच्या आधी मेडिकल, क्लास २ (पहिली, साधी तपासणी) डीजीसीएच्या, म्हणजे विमान वाहतुकीच्या सरकारी नियामकाच्या, पॅनेलवरच्या डॉक्टरकडे आणि मग लगेच क्लास १ (वरची, कडक तपासणी) पण करून टाक, कारण सीपीएलला क्लास १ च लागतं. चष्म्याचं टेन्शन घेऊ नको, चष्मा लावून नीट दिसलं की चालतं, पण कलर व्हिजनमध्ये अडकलास तर आईची एफडी तरी वाचेल.
दुसरं म्हणजे पेपर. नेव्हिगेशन, मेट (हवामानशास्त्र), रेग्युलेशन, टेक्निकल, प्रत्येकात ७० टक्के लागतात, वर आरटीआर, म्हणजे रेडिओवर बोलायच्या लायसन्सची परीक्षा. मामांना सांग अमेरिकेहून लायसन्स आणलं तरी ते इथे कन्व्हर्ट करावं लागतं आणि डीजीसीएचे सगळे पेपर काही सुटत नाहीत, म्हणून जायचंच असेल तर देऊन जा. घरी बसून होणारं काम आहे हे.

गोंदियावाली_आई
बेटा, माझी मुलगी शिकतेय म्हणून लिहिते. उड्डाणाचे २०० तास लागतात, त्यात १०० पीआयसी (पायलट-इन-कमांड, विमानाची जबाबदारी स्वतःवर), आणि एक ३०० नॉटिकल माइलचा क्रॉसकंट्री, म्हणजे लांबचं उड्डाण, वाटेत दोन ठिकाणी उतरून. जाहिरातीतले महिने विसर. आम्ही ॲडमिशनच्या आधी एका अकादमीत सकाळी सातला न सांगता गेलो होतो, ब्रोशरमध्ये विमानांची रांग आणि इथे अर्धी ताडपत्रीखाली, एकाचं तर इंजिनच उतरवून ठेवलेलं, पोरं ब्रीफिंग रूममध्ये कॅरम खेळत होती!! आम्ही तिथूनच परत फिरलो. तेव्हा विमानं किती हे विचारू नकोस, आज किती उडाली ते विचार, आणि ते पण ऑफिसात नाही, बाहेर चहाच्या टपरीवर मुलांना. आम्ही फी हप्त्यानेच भरतो, मुलगी जेवढं उडाली तेवढी.

माळवी_भिया
काकूंचं शंभर टक्के बरोबर. भिया, इंदूरला घरचे पोहे मिळतील पण एरलाइनची फ्लाइट आली की ट्रेनी होल्डवर, आणि पावसाळ्यात ढग इतके खाली की दिवसच्या दिवस जमिनीवर. फुरसतगंजला पण थंडीत धुकं असतंच. तरी माझं मत इग्रुआची एन्ट्रन्स दे, सरकारी आहे, नाही झालं तर क्लब आहेच. आणि हो, सगळे पैसे सीपीएलवर उडवू नको, पुढे ए३२० सारख्या एरलाइनच्या विमानाच्या टाइप रेटिंगचा (त्या एका विमानाच्या खास ट्रेनिंगचा) खर्च वेगळा असतो, तो कोणी आधी सांगत नाही.

रामबाग_रनवे
थँक्यू सगळ्यांना. बाबांना वाचून दाखवलं, ते म्हणाले मेडिकलची तारीख घे. काकू, मुलीला थोडं विचाराल का, मेटला कोणतं पुस्तक वापरलं?

गोंदियावाली_आई
विचारते, आत्ता सॉर्टीवर (ट्रेनिंगच्या उड्डाणावर) आहे ती.