तानोविच म्हणे 'एका पिच्चरचा मालक'! लगानचं रडगाणं आता तरी थांबवा

पेठेतला_प्रेक्षक
परवा ऑस्करच्या धाग्यावर कोणीतरी पिंक टाकून गेलंय की बोस्नियाच्या त्या दिग्दर्शक दानिस तानोविचला 'नो मॅन्स लँड'साठी युद्धाच्या सहानुभूतीवर परभाषिक सिनेमाचं ऑस्कर मिळालं, लगानच्या तोंडचा घास काढला आणि नंतर गडी गायब, एका पिच्चरचा मालक. तिथेच उत्तर द्यायला बसलो तर प्रतिसाद इतका लांबला की वेगळा धागा काढतोय. उगाच पाडलेली जिलबी म्हणायची तर म्हणा.

आधी सहानुभूती. बोस्नियाचं युद्ध संपलं १९९५ ला, ऑस्कर मिळालं मार्च २००२ मध्ये. सहा वर्षं सहानुभूती टिकते होय? आपल्याकडे तेराव्यापर्यंत टिकत नाही. आणि त्याआधी मे २००१ मध्ये 'नो मॅन्स लँड'ला फ्रान्सच्या कान फेस्टिव्हलला पटकथेचं बक्षीस मिळालेलं. पटकथेचं! बोस्नियन आणि सर्ब अशा दोन बाजूंचे दोन सैनिक एका खंदकात अडकलेत, तिसरा सुरुंगावर पडलाय, तो उठला की सगळे उडणार. बास, एवढंच. आणि पिच्चरमध्ये सगळ्यात जास्त कोणाची काढलीये तर युनोच्या शांतिसेनेची आणि माइक घेऊन धावणाऱ्या चॅनलवाल्यांची. ज्यांची सहानुभूती हवी त्यांनाच कोण असं झोडपतं? शेवटी सगळे गाड्या काढून निघून जातात, तो माणूस तसाच सुरुंगावर पडून.

बरं, हा काही लांबून युद्ध बघून आलेला नाही. १९६९ चा जन्म, झेनित्साचा, वाढला सारायेवोत, फिल्मचं शिकत होता तेव्हा १९९२ च्या एप्रिलमध्ये शहराला सर्ब फौजांचा वेढा पडला. वेढा चालला १४२५ दिवस. हा तेविशीतला पोरगा बोस्नियन सैन्याबरोबर कॅमेरा घेऊन फिरत होता. नंतर ब्रसेल्सला जाऊन पुन्हा फिल्मस्कूल. तुमच्या-माझ्यासारखा यूट्यूबवर बघून मत बनवणारा नाही.

आणि गायब कुठे झाला? २०१३ ला 'एपिसोड इन द लाइफ ऑफ ॲन आयर्न पिकर', बर्लिनच्या फेस्टिव्हलला ज्यूरीचं मोठं बक्षीस. २०१६ ला 'डेथ इन सारायेवो', पुन्हा बर्लिन, पुन्हा तेच बक्षीस. मधे आपल्या इम्रान हाश्मीला घेऊन 'टायगर्स' केला. तुम्ही नाही बघितलं म्हणजे त्याने नाही केलं असं नसतं हो.

बाउंड्रीपार
ती पिंक माझीच होती, नाव घेऊन लिही की, घाबरतोस कशाला.

२५ मार्च २००२, आमची बारावी नुकतीच संपलेली, सकाळी सकाळी चाळीतले पंधरा जण एका टीव्हीसमोर. आमच्या गोवारीकरांचं नाव येणार म्हणून काकूंनी साखर वाटायला काढून ठेवलेली. आणि आला कोण तर हा. नंतर काकूंनी ती साखर डब्यात परत ओतली तो आवाज मला अजून आठवतो. तू मला पटकथा सांगू नकोस.

पेठेतला_प्रेक्षक
साखरेचं दुःख समजू शकतो. पण त्याच यादीत 'आमेली' पण होता आणि तोही हरला, फ्रान्समध्ये कोणी इतकी वर्षं सुतक पाळत बसलेलं नाही.

रविवारची_मिसळ
शेवट सांगून टाकलास त्याबद्दल मनःपूर्वक आभार. बघायच्या यादीत होता.

म्युनिकची_मावशी
मी सारायेवोच्या एका बाईबरोबर आठ वर्षं काम करतेय. ती वेढ्यात शाळकरी होती. तिच्या बाल्कनीत अजूनही पाण्याचे सहा कॅन भरलेले असतात, दर महिन्याला पाणी बदलते, इथे म्युनिकमध्ये, जिथे नळाला चोवीस तास पाणी! तिला मी तानोविचबद्दल विचारलं तर म्हणाली सिनेमे चांगले करतो, राजकारणात कशाला गेला. २००८ ला त्याने काही मंडळींबरोबर 'नाशा स्ट्रांका' नावाचा पक्ष काढला, म्हणजे 'आपला पक्ष'. बोस्नियाक (म्हणजे तिथले मुसलमान), सर्ब, क्रोएट असं न बघता सगळ्यांचा. तिच्या मते तिथे असं मत मागणं म्हणजे लग्नपत्रिकेत आडनावच न छापण्यासारखं आहे. तरी तिने मत दिलं होतं.

कोरडवाहू
सगळे बक्षिसं मोजताय. त्या 'आयर्न पिकर'मधल्या माणसाचं काय झालं ते कोणीच लिहीत नाही, की माहीतच नाही?

नाझिफ मुयिच. रोमा समाजातला, म्हणजे युरोपातल्या जिप्सींपैकी, भंगारवाला. बायकोच्या पोटातलं बाळ गेलेलं, विम्याचं कार्ड नाही म्हणून दवाखाना ऑपरेशन करेना, ९८० मार्क (तिथलं चलन) आणा म्हणाला. ही पेपरातली खरी बातमी वाचून तानोविच तिथे गेला आणि त्यांनाच घेऊन नऊ दिवसांत सिनेमा केला, बजेट सतराएक हजार युरो. नवरा-बायको स्वतःचीच भूमिका करतायत. बर्लिनला नाझिफला सर्वोत्तम अभिनेत्याचं बक्षीस. टाळ्या. पुढे तोच माणूस कुटुंब घेऊन जर्मनीत आश्रय मागायला गेला, नाकारला. नंतर ते बर्लिनच्या बक्षिसाचं चांदीचं अस्वल ४००० युरोला विकलं. २०१८ च्या फेब्रुवारीत मेला, वय ४८. आता सांगा कोण कोणाच्या जिवावर मोठा झाला.

पेठेतला_प्रेक्षक
हे दुःखदच आहे, पण जर्मनीने आश्रय नाकारला तो दिग्दर्शकाने नाकारला का? उलट त्याने सिनेमा केला नसता तर ती बातमी दुसऱ्या दिवशी वड्याला गुंडाळली गेली असती.

कोरडवाहू
हे वाक्य कॅमेऱ्याच्या मागून बोलायला सोपं असतं. समोरून ऐक आता.

आमचं गाव माणदेशात. एका दुष्काळी वर्षी डॉक्युमेंटरीवाले आले, नाव घेत नाही, चांगली पोरं होती, घरी भाकरी खाऊन गेली. आमच्या आजीला विहिरीत उतरताना शूट केलं. पायऱ्या ढासळलेल्या, तळाशी वाटीवाटीने पाणी भरायचं. सहा वेळा उतरवली. सहा! एकदा उजेड गेला म्हणून, एकदा मागे मोटरसायकल वाजली म्हणून, एकदा म्हणे आजी कॅमेऱ्याकडे बघून हसल्या. बरोबर आहे, पाहुणा समोर असला की ती हसायचीच. संध्याकाळी गुडघा सुजून भोपळा. त्या फिल्मला कुठेतरी बक्षीस मिळाल्याचं चुलतभावाने फेसबुकवर बघितलं. आम्हाला सीडी पण नाही आली. आजी जाईपर्यंत विचारायची, "ती पोरं आली न्हाईत व्हय रं परत?"

बाउंड्रीपार
बेक्कार रे. आजींना नमस्कार. आणि लगानमध्ये पण दुष्काळच होता हे नमूद करतो.

सांजवात
कोरडवाहू, आजींचं वाचून गलबललं, पण तुमचा राग चुकीच्या माणसावर निघतोय असं वाटतं. मी स्वतः सामाजिक विषयांवर शूट करते म्हणून बोलते. आम्ही मदत करायची म्हटलं तर लोक म्हणतात पैसे देऊन वदवून घेतलं, नाही केली तर म्हणतात वापरून टाकलं. आम्ही नक्की काय करावं? घरी बसावं?

कोरडवाहू
परत यावं. एकदा. फिल्म दाखवायला. एवढं अवघड आहे का?

सांजवात
आम्हाला पण पगार वेळेवर मिळत नाहीत, एसटीचे पैसे खिशातून जातात, तुम्हाला वाटतं आम्ही गाड्या उडवतोय.

कोरडवाहू
बघा, आता तुमच्या एसटीवर आलो. आजी विहिरीतच राहिली.

रविवारची_मिसळ
पॉपकॉर्न संपले, कोणी शेंगदाणे आणा.

म्युनिकची_मावशी
भांडा, पण एक फरक लक्षात घ्या. तानोविच परदेशातून दुःख गोळा करायला आलेला नव्हता, ते त्याच्याच देशातलं होतं. हॉलिवूडच्या कॉलिन फॅरलला घेऊन 'ट्रायाज' केला त्याने, तसे अजून चार करत युरोपात बसला असता. त्याच्याऐवजी थंडीत एका रोमा वस्तीत नऊ दिवस. आणि 'टायगर्स' बघा, बाळांच्या दूध पावडरविरुद्ध उभ्या राहिलेल्या पाकिस्तानी सेल्समनची गोष्ट. त्यात वकिलांबरोबर खल चालतो की कंपनीचं खरं नाव घ्यायचं की नाही, आणि मग पडद्यावर नाव बदलतं. टोरंटो फेस्टिव्हलला २०१४ मध्ये दाखवलेला सिनेमा आपल्याकडे झी फाइव्हवर यायला २०१८ उजाडलं. हे काय बक्षिसासाठी करतं का कोणी?

पेठेतला_प्रेक्षक
मावशी, नेमकं. (आणि २०२० चा तो 'पोस्टकार्ड किलिंग्ज' मी मुद्दामच यादीत घेतला नव्हता. तो बघू नका. माझे पैसे गेले.)

बाउंड्रीपार
हा हा, म्हणजे एक तरी फसलेला आहे! कबूल केलंस. बरं चल, मीपण कबूल करतो, एका पिच्चरचा नाही, तीन पिच्चरचा मालक. मोठं मन लागतं.

कोरडवाहू
काल रात्री 'आयर्न पिकर' पुन्हा बघितला. आधी बघितला तेव्हा राग धरून बघितला होता. पैशासाठी तो दारातली स्वतःचीच गाडी फोडतो, घाव घालून घालून पत्रा सोलतो आणि भंगारात नेऊन घालतो. कॅमेरा नुसता बाजूला उभा आहे, कुठे रडकं संगीत नाही. त्या बाईला सहा वेळा कुठे उतरवलंय असं वाटत नाही. एवढं देतो. त्यापुढचं, अस्वल विकल्याचं, ते मी कोणालाच माफ करणार नाही, तानोविचला पण नाही.

सांजवात
तुमच्या गावात दाखवू या का तो? प्रोजेक्टर माझ्याकडे आहे. एसटीने येईन.

कोरडवाहू
या. उन्हाळ्यात नको, पाहुण्याला द्यायला पाणी नसतं.

बाउंड्रीपार
मग जोडीला लगान पण लावा ना, इंटरव्हलनंतर.

पेठेतला_प्रेक्षक
तू झोप.