‘सिमेंटेशन’ला मराठीत काय म्हणावे? (संदर्भ : वालुकाश्मातले तेलसाठे)

प्रश्न : ‘संयोजन’ लिहिले की संमेलनाचे संयोजक आठवतात. सरळ ‘खडक घट्ट होणे’ चालेल का?

प्रतिसाद : ‘घट्ट होणे’ नको. वाळू दोन वेगळ्या कारणांनी घट्ट होते. वरच्या थरांच्या वजनाने कण दबतात, ते एक. कणांमधल्या पाण्यातून खनिज बाहेर पडून कणांवर बसते, ते दुसरे, आणि सिमेंटेशन म्हणजे फक्त हे दुसरे. नुकत्याच साचलेल्या वाळूत कणांमध्ये साधारण 40 टक्के जागा मोकळी असते. खडकाचा 30 मायक्रॉन जाडीचा काप सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला, त्यात 35 टक्के कॅल्साइट (चुनखडीतले खनिज) दिसले आणि कण एकमेकांना जेमतेम टेकलेले असले, तर कॅल्साइट दबण्याच्या आधीच बसले आहे. (अॅलिझरिन रेड एस हा रंग लावला की कॅल्साइट लालसर होते, त्याच्यासारखे दिसणारे डोलोमाइट होत नाही.) ‘घट्ट झाला’ म्हटले की हा क्रमच पुसला जातो.

प्रतिसाद : जुना ‘लुकण’ का नको? चिकटवते आणि फटही बुजवते.

त्यावर : कॅल्साइटला शोभेल. वाळूचे कण बहुधा ज्याचे असतात त्या क्वार्ट्झची तऱ्हा निराळी. तिथे बाहेरून काही थापले जात नाही, मूळ कणाचाच स्फटिक पुढे वाढतो. साधारण 70-80 अंश सेल्सिअसनंतर ही वाढ जाणवू लागते आणि तापमानाबरोबर झपाट्याने वेग घेते. खोल साठ्यांची सच्छिद्रता (मोकळ्या जागेचे प्रमाण) मुख्यतः हीच खाते. मात्र कणांवर क्लोराइट या मातीखनिजाचा अखंड पातळ लेप असेल तर नव्या क्वार्ट्झला धरायला जागाच मिळत नाही. नॉर्वेच्या सागरमग्न भूखंडमंचावर 4 कि.मी.पेक्षा खोल असूनही 20 टक्क्यांहून जास्त सच्छिद्रता टिकलेले वालुकाश्म आहेत, ते या लेपामुळे. लेप जिथे तुटका, तिथे क्वार्ट्झ घुसलाच म्हणून समजा.

माझे मत : पदार्थाला ‘सिमेंट’च म्हणावे आणि क्रियेला ‘सिमेंट धरणे’. गंज धरतो, साय धरते, तसे. नाम मात्र करू नका, ‘सिमेंट-धरण’ वाचून लोक कोयनेला जातील.

प्रतिसाद : ‘धरणे’ पटले. फक्त तेलविहिरीच्या केसिंगभोवती (आत बसवलेल्या पोलादी नळीभोवती) पोर्टलंड सिमेंट भरतात, त्याला ‘सिमेंटिंग’च राहू द्या. एकाच परिच्छेदात दोन्ही आले तर खडकातल्याला ‘खनिज-सिमेंट’ लिहा.

आणि सच्छिद्रता व पार्यता (द्रव आरपार वाहू देण्याची क्षमता) एकाच वाक्यात ‘कमी होते’ म्हणून उरकू नका. इलाइट या मातीखनिजाचे केसासारखे तंतू पोकळीत आडवेतिडवे वाढतात तेव्हा सच्छिद्रता फारशी हलत नाही, पार्यता मात्र कोसळते. विहिरीतून काढलेला गाभ्याचा नमुना (खडकाचा दंडगोल तुकडा) भट्टीत वाळवला की हे तंतू भिंतींना चिकटून बसतात आणि प्रयोगशाळेतली पार्यता प्रत्यक्षाहून कितीतरी जास्त येते. नमुना ओलाच जपायचा, तो एवढ्यासाठी.

प्रतिसाद : यात ‘सिमेंट विरघळवणे’ही येईल, तर खनिजाचे नाव दिल्याशिवाय लिहू नका. कॅल्साइटवर हायड्रोक्लोरिक आम्ल ठीक. लोहयुक्त क्लोराइटवर तेच ओतले तर लोह सुटते, आणि आम्लाचा जोर संपला की ते चिकट हायड्रॉक्साइड होऊन वाटा बुजवते. त्यासाठी आम्लात सायट्रिक आम्लासारखे लोह धरून ठेवणारे द्रव्य घालतात.

प्रश्नकर्ता : मग खडकाच्या विद्युतरोधावरून त्यातले पाणी काढण्याच्या आर्चीच्या 1942 च्या समीकरणातला ‘सिमेंटेशन एक्स्पोनंट’?

त्यावर : ते नावच फसवे आहे. तो घातांक सिमेंटचे प्रमाण मोजत नाही, पोकळ्यांमधली वाट किती वळणावळणाची आहे ते सांगतो. सुट्या वाळूत सुमारे 1.3, पक्क्या वालुकाश्मात 1.8 ते 2. समीकरणात त्याची खूण m, म्हणून मराठीत ‘एम घातांक’ पुरे. आकड्यात मात्र चूक नको. सच्छिद्रता 20 टक्के असताना 2 च्या जागी 1.8 घातला, तर पोकळ्यांतले 50 टक्के पाणी 43 टक्केच दिसते, आणि उरलेले 7 टक्के कागदावर तेल होऊन बसते.