मदत हवी आहे : इंग्रजी भाषणकला शिकवणाऱ्या प्राध्यापकांचे प्रशिक्षण

बडोद्यात विद्यापीठातील इंग्रजीच्या प्राध्यापकांसाठी, विद्यार्थ्यांना इंग्रजीत भाषण करायला कसे शिकवावे याचे प्रशिक्षण मी आखत आहे. बहुतेकांचे शालेय शिक्षण गुजराती किंवा मराठी माध्यमातून झाले असून व्याकरण पक्के आहे. टोस्टमास्टर्स या भाषणकलेचा सराव करणाऱ्या क्लबांच्या संस्थेच्या धर्तीवर वेळ पाहणारा, ‘अं-अं’ मोजणारा आणि मूल्यमापक अशा भूमिका वाटून ५ ते ७ मिनिटांची भाषणे घेतली. ती उत्तम झाली. परंतु अभिप्राय देताना प्रत्येक जण उच्चार आणि क्रियापदाच्या काळांवरच अडला. मांडणी, विराम, श्रोत्यांकडे पाहणे यांविषयी कोणी बोललेच नाही, आणि माझ्या मते खरे शिकवणे तिथेच असते. गुणतक्ता दिला, तोही यांत्रिकपणे भरला गेला. चित्रीकरणास काहींची संमती नाही. व्याकरण बाजूला ठेवून भाषण ऐकण्याची सवय लावणारा, आणि पुढे ६० विद्यार्थ्यांच्या वर्गातही चालेल असा कोणता सराव आपण घेतला आहे?