आईच्या खोलीला कोणता पांढरा?

इंदिरानगरची लेक
आईची खोली रंगवायची आहे, १० बाय १२. एकच खिडकी, तीही पश्चिमेला, खाली कोटा दगडाची फरशी. शेडकार्डावरचे तीन ऑफव्हाइट उरलेत: एकात पिवळी झाक, एकात राखाडी, एकात किंचित गुलाबी. जुन्या पिस्ता रंगावर हातभर पट्टे मारून पाहिले. सकाळी तिन्ही मळकट, चारनंतर ऊन आलं की तिन्ही पिवळे. आई म्हणते राखाडी तर चक्क निळा आहे. मला अजिबात दिसत नाही. ती दिवसभर याच खोलीत असते, म्हणून तिला आवडेल तोच द्यायचाय. कसं ठरवू?

सिडकोतला रंगारी
ताई, पिस्त्यावर खरा रंग कळत नाही. हिरव्याशेजारी पांढरा गुलाबी मारतो. ड्रॉइंगच्या मोठ्या कागदांवर दोन-दोन हात मारा, कडेला कोरा पांढरा काठ सोडा. नाशिकच्या थंडीत वाळायला वेळ लागतो, पूर्ण वाळू द्या. मग कागद खिडकीसमोर, खिडकीशेजारी आणि फरशीलगत धरून बघा. कोट्याची हिरवट झाक भिंतीवर चढते. रात्री ६५०० केल्विनची पांढरी ट्यूब असेल तर राखाडी आणखी थंड दिसेल. ३००० च्या बल्बखाली तोच ऊबदार.

पंचवटीकर
आईंचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालंय का? वडिलांच्या एका डोळ्याचं झालं तेव्हा ते आळीपाळीने डोळे झाकून एकच भिंत बघायचे. एकाला पांढरी, दुसऱ्याला चहाचा डाग पडल्यासारखी. वयाबरोबर डोळ्यातलं भिंग पिवळं पडतं, निळा प्रकाश अडवतं. ते काढलं की निळा परत दिसायला लागतो. आईंना दिसतंय ते खरंच आहे. फिनिश मात्र मॅटच घ्या, चमकदार भिंतीवरचं पश्चिमेचं ऊन डोळ्यांना फार टोचतं. बटणांचा बोर्ड आणि दाराची चौकट भिंतीहून गडद असू द्या, रात्री उठल्यावर पटकन सापडतात.

इंदिरानगरची लेक
हो! उजव्याचं दिवाळीनंतर झालं, डाव्याचं बाकी आहे. मी उगाच तिच्याशी वाद घालत बसले, वाईट वाटलं. काल कागद पलंगासमोर टांगले. डाव्याचंही झालं की तोही उजव्यासारखाच बघणार, म्हणून तिला डावा झाकायला सांगितलं. राखाडी लगेच बाद. सकाळी, चार वाजता आणि रात्री, तिन्ही वेळा तिने पिवळ्या झाकेवरच बोट ठेवलं. मॅटच घेतोय, ट्यूबच्या जागी ३००० चा बल्ब लावला. चौकट सागवानी आहे. तिला रंग लावायचा नाही, नुसतं पॉलिश कर, म्हणाली.