समुद्रातल्या प्राण्यांची चित्रकार्डं: तयार घेऊ की घरी करू? (बजेट २०० रु.)

बालवाडी_खानापूर: १४ मुलं, वय ३ ते ५. नावं मराठीतच हवीत. २०० च्या वर एक रुपया नाही.

निपाणीकर: बाई, चुंबकवाला संच घ्या. साडेआठशेला येतो, पाच वर्षं बघायला नको.

गणपत_गल्ली: दोनशे म्हटलंय की ओ त्यांनी. तयार संच घेतलाच तर ऑक्टोपसाचे हात मोजून घ्या, आठ हवेत. आमच्या संचात सहाच निघाले.

झेरॉक्स_शहापूर: घरीच करा. चित्र ९ × १३ सेंमी, म्हणजे ए४ पाऊचात चार बसतात. आधी कापा, मग लॅमिनेशन, आणि चारी बाजूंनी ४-५ मिमी प्लास्टिकची कड सोडा. लोक अख्खं पान लॅमिनेट करून मग कापतात. कागदाची धार उघडी पडते आणि खानापूरच्या पावसात थर सुटतात. पाऊच १२५ मायक्रॉनचा, पातळ वाकतो. इंकजेटची प्रिंट दिवसभर वाळवा, नाहीतर फुगे येतात. कोपरे गोल कापा, टोचतात.

निपाणीकर: चुंबकवाल्याला लॅमिनेशन लागत नाही.

चिकोडीचे_मास्तर: कार्डांपेक्षा क्रम बघा. एका वेळी तीनच, तीही एकमेकांसारखी नसलेली: खेकडा, कासव, ऑक्टोपस. आधी "हा खेकडा". मग "खेकडा कुठला, दाखव". "हे काय?" सगळ्यात शेवटी, पहिल्याच दिवशी विचारलं की मूल गप्प बसतं. शार्क आणि डॉल्फिन सुरुवातीला एकत्र नकोत. पुढे काढाल तेव्हा शेपटीवर बोट ठेवा: शार्कची उभी, डॉल्फिनची आडवी.

सुंगटप्रेमी: कोळंबी लिहिणार की सुंगटं? बाजारात तर गोव्याचीच मासळी.

गणपत_गल्ली: देवमासा मुळात मासाच नाही. तारामासाही नाही. नावंच चुकीची आहेत.

चिकोडीचे_मास्तर: म्हणून काय नवीन नाव पाडायचं? तीनच्या पोराला देवमासाच सांगा. पाचच्यांना सांगा, तो पिल्लाला दूध पाजतो.

कॅम्पातली_आई: मागे कन्नडही लिहा. खेकडा एडी, कासव आमे, देवमासा तिमिंगिल. पुढे शाळेत लागतंच.

निपाणीकर: मराठीतच म्हटलंय बाईंनी.

कॅम्पातली_आई: बजेट नाही वाचलं, हे बरं वाचलंत!

झेरॉक्स_शहापूर: पाऊच मॅट घ्या. चकचकीत असला की ट्यूबलाइटखाली निम्म्या मुलांना नुसती चमक दिसते.

चिकोडीचे_मास्तर: एक राहिलं. कार्डं एका मापाची, त्यामुळे कोळंबी आणि देवमासा मुलांना सारखेच वाटतात. निळा देवमासा २५ मीटरपर्यंत सहज भरतो. अंगणात तेवढी दोरी पसरा आणि मुलांना तिच्या कडेनं उभं करा.

बालवाडी_खानापूर: सगळ्यांचे आभार. लॅमिनेशन नाही करत. लग्नपत्रिकांच्या जाड कोऱ्या पाठी १६ साठल्यात, त्यावर हातानंच चित्रं काढते. नाव सुंगटं. दोनशेची दोरी आणते.

झेरॉक्स_शहापूर: बाई, पावसात पत्रिकांचा लगदा होईल.

बालवाडी_खानापूर: होऊ दे. पुढच्या लग्नसराईत परत साठतील.